रंगमंचाखालची टकटक

सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४. सकाळी ६.४०

बुटांना पॉलिश करत होतो, तेवढ्यात आत्या टोपल्या घेऊन दारात. गाड्यावर विकायची कालवं! जिवंत. पाणी ठिबकतंय ते नेमकं माझ्या पॉलिशवर.

"तुझ्या नाटकघराच्या तळघरात ठेव की. इथं उन्हानं मरतील मेली."

म्हटलं, आत्या, ती ऐतिहासिक वास्तू आहे!

"म्हणूनच गार आहे."

राहतो आत्याकडे, खातो तिचंच. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? रंगमंचाखाली दोन्ही टोपल्या ठेवल्या, वर ओलं गोणपाट. गाइड म्हणून माझी उमेदवारी या महिनाअखेर संपते. मग कायम, नाहीतर घरी. देवा, वास तेवढा येऊ देऊ नकोस.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

वास नाही आला. आवाज आला!

नेहमीप्रमाणे पर्यटकांना सांगितलं— इथे कुजबुजलं तरी शेवटच्या रांगेत ऐकू येतं, आता सर्वांनी शांत राहा. ('ध्वनिशास्त्र' हा शब्द कोशात पाहून पाठ केलाय.) सगळे शांत. आणि खालून— टक्. टक्-टक्. कालवं आपापले शिंपले मिटत होती. टोपीवाल्या एका बाईंनी माझा दंडच धरला. "हे काय?" कालवं म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं भलतंच— "जुनी नटी. मरून गेली, पण नाचाची तालीम सोडवत नाही."

कुठून सुचलं, देव जाणे! टाळ्या पडल्या.

गुरुवार, १० ऑक्टोबर

रांग रस्त्यापर्यंत. मॅनेजरसाहेबांचे पाय जमिनीवर नाहीत. नटी खरी वाटते त्यांना! दारावर पाटीच लावली— "नटीचा नाच आणि कालवांची बशी, एकाच तिकिटात!" म्हणजे नाट्यगृह पाहून झालं की सगळे समोर आत्याच्या गाड्यावर. आधी भुताला घाबरतात, मग त्याच भुतावर लिंबू पिळून खातात. आत्या ठसका लागेपर्यंत हसली. "नटी रोज ताजी हवी!" म्हणून रोज सकाळी नव्या टोपल्या.

शनिवार, १२ ऑक्टोबर

तळघराला कुलूप लावलं. उगाच.

सोमवार, १४ ऑक्टोबर

उगाच नव्हतं. जुन्या वास्तूंच्या खात्यातून लाकूड तपासणाऱ्या बाई आल्या. गुडघ्यांवर बसून फळीला कान लावला. मॅनेजरसाहेब कौतुकाने, "ऐकू येते ना आमची नटी?"

"नटी कसली, वाळवीची मावशी! तुळया पोखरणारे किडे अशीच टकटक करतात. फळ्या उखडल्याशिवाय दिसायचे नाहीत. दोन वर्षं तरी नाट्यगृह बंद."

साहेब मटकन खुर्चीत बसले. त्या खुर्चीत बसायला मनाई आहे, रोज मीच सांगतो. आज नाही सांगितलं.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

डोळ्याला डोळा नाही. बोललो तर माझी नोकरी जाणार. नाही बोललो तर सगळ्यांचीच— तिकीटवाले काका, झाडूवाल्या मावशी, आत्याचा गाडा.

आत्या म्हणाली, "सांगून टाक रे गाढवा. हाकललं तर ये गाड्यावर बशा धुवायला."

सांगितलं! सगळ्यांदेखत तळघराचं दार उघडलं. बाईंनी एक कालव उचललं, त्याने त्यांचं बोटच पकडलं. साहेब आधी लालबुंद झाले, मग असे हसत सुटले की चष्मा पडला. बाई नाही हसल्या. "आजवर इतकं मूर्ख मला कुणी बनवलं नव्हतं," म्हणाल्या आणि अहवाल टराटरा फाडला. उद्या सकाळच्या गाडीने परत जाणार.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. वाटलं, संपलं. तर हातात कायम केल्याचं पत्र! "भूत बंद. पण थापेबाज, सांगतोस मात्र झकास."

आत्याने गाड्यावर सगळ्यांना फुकट बशी दिली. आत्याने! फुकट!

बुधवार, १६ ऑक्टोबर. सकाळी ८.५०

टोपल्या काल बाहेर काढल्या. तळघर स्वतः पुसलं, एक शिंपला उरलेला नाही. आत्ता रंगमंचावर एकटा उभा आहे.

टक्. टक्-टक्.

बाई बरोबर होत्या. त्यांची गाडी साडेनऊला. निघालो.