गायीच्या घशात हात

१० एप्रिल २००६, इंदिरानगर
आलो एकदाचा नाशकात! इतकी वर्षं देवळ्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींची बाळंतपणं केली, आता म्हणे पीएचडी करणार. बायको पोट धरून हसली. पोरगी दहावीला आणि बाप शाळेत, म्हणाली. खोली गच्चीवरची, पत्र्याची. दुपारी आत बसलं तर माणसाचा पापड होईल. पण घरमालकीण लताबाई चहा झकास करतात, आणि त्यांचा जुना फ्रिजही त्यांनी मला वर देऊन टाकलाय. दार लावताना एक लाथ घालावी लागते, एवढंच.

१२ एप्रिल
प्रशिक्षण सुरू झालं. वर्गात निम्मे माणसांचे डॉक्टर, निम्मे आम्ही ढोरांचे. जनावरांतून माणसांत येणारे आजार हा विषय, म्हणून एक त्यांचा आणि एक आमचा अशा जोड्या लावल्यात. माझ्या वाट्याला आला मयूर. माणसांचा डॉक्टर, पोरगेलासा, दिवसभर हात धुतो. मीना मॅडम आमच्या मार्गदर्शक, भलत्याच कडक. खेड्यात फिरायच्या आधी रेबीजची लस टोचून घ्या म्हणाल्या आणि खोकाच हातात दिला. मयूरनं लगेच दंड पुढे केला. मी म्हटलं, बघू सवडीनं. उरलेल्या बाटल्या माझ्या फ्रिजात पडल्यात.

२ मे
आता आठवड्यातले बरेच दिवस पेठच्या डोंगरातच जातात. गुरांच्या रक्ताचे नमुने घ्यायचे, माणसांचे मयूरनं घ्यायचे. मंगळू आणि भागीबाई या नवराबायकोच्या पडवीत आमची पथारी. नागलीची भाकरी, उडदाचं भुजं. इथं साहेबालासुद्धा अरे-तुरे करतात. मयूर बिचकतो, मला मात्र घरच्यासारखं वाटतं.

१८ मे, पाडा
मंगळूची गाय कालपासून चारा खाईना. लाळ गळतेय, घोगरं हंबरतेय. घशात आंब्याची कोय अडकली असेल, मंगळू म्हणाला. सकाळी त्यानंही हात घालून चाचपलं होतं. मयूर हातमोजे शोधत बसला. मी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. आमचं रोजचंच काम ते! कोयबिय काही नव्हती. अंगठ्यापाशी दात लागून जरा खरचटलं. मंगळूच्याही बोटाला लागलंय.

२० मे
गाय गेली. भागीबाई लेकरू गेल्यासारखी रडली. मयूरनं हट्ट धरून मेंदूचा नमुना काढायला लावला. मी कुरकुरलो, पण काढला.

२५ मे
अहवाल आला. गाय पिसाळलेली होती.
मयूरचं तोंड पांढरं पडलं. तुला आणि मंगळूला आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात नेतो म्हणाला. मी हात झटकला. तिथं नाव लागलं की मॅडमच्या कानावर जाणार, आणि मोजे न घालता हात घातला म्हणून त्या मला घरी पाठवणार. या वयात! आणि लस घरात असताना रांगेत कशाला उभं राहायचं? स्वतःच टोचून घेतली. बर्फाच्या डब्यातून पाड्यावर नेली, मंगळूला दिली. तो पेठला दवाखान्यात जायला निघाला होता. मीच अडवलं. म्हटलं, मी आहे ना!

२३ जून
दोघांचे सगळे डोस पुरे झाले. मंगळू ठणठणीत आहे. मीही. मयूर अजून माझ्याकडे टकमक बघत असतो. त्याला म्हटलं, अरे, मेलो तर तुझा प्रबंध तयार होईल. तो हसला नाही.

४ जुलै
अंगठ्यापाशी मुंग्या येतायत. जखम केव्हाच भरलीय. लिहून लिहून येत असतील. झोप नीट नाही. डोकं भणभणतं.

७ जुलै
मुंग्या कोपरापर्यंत. पंख्याचा वारा नकोसा वाटतो.
लताबाई चहा घेऊन वर आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "तुम्ही गावाला गेलात की मी वरचं मेन स्विच बंदच करते हो. जुना फ्रिज तो, शॉर्टसर्किट झालं म्हणजे? तुम्ही यायच्या दिवशी सकाळी चालू करून ठेवते."
एप्रिलपासून. सबंध मे महिना. या पत्र्याखाली.
त्यांना काय बोलणार? त्यांनी काळजीपोटीच केलं. लसीचं नुसतं पाणी झालं होतं. तेच मी टोचून घेतलं. तेच मंगळूला टोचलं.

८ जुलै
एकदा लक्षणं दिसली की औषध नाही. मीच गावोगाव सांगत फिरलोय हे. माझं काय ते कळलंय मला. भीती वाटते. फार भीती वाटते.
पण मंगळू — त्याला अजून काही झालं नसेल तर —
मयूरला फ्रिजचं सांगितलं. हाताचं नाही सांगितलं. सांगितलं तर तो आधी मलाच दवाखान्यात नेईल, पाड्यावर जाणं राहून जाईल. मंगळूसाठी ताजी लस आणली. पहाटे दोघं निघतोय.

९ जुलै, पाडा
मंगळू भेटला. लावणीत होता, गुडघाभर चिखलात. बोटाला मुंग्या नाहीत. ताप नाही. मयूरनं टोचलं, उद्या पेठला घेऊन जाणार. मंगळू हसत होता. "डाक्टर, आजून किती टोचशील?"
वाचेल. देवा, हा वाचेल.
मग भागीबाईनं तांब्या पुढे केला. लांबून आलास, पानी घे आधी.
तोंडाजवळ नेला आणि घसा — कुणी आतून मूठ आवळावी तसा — तांब्या उडाला हातातून. पाणी अंगणभर. मला ते पाणी बघवेना.
मयूरला कळलं. गाडी आणायला पळाला.

पडवीत बसलोय. लिहीत राहिलो की बरं. तहान — जीव जातोय तहानेनं. आणि पाणी नुसतं मनात आलं तरी —
वारा नको. कुणीतरी वारा बंद करा.
लाळ थांबत नाही. कागद ओला झालाय. याला कुणी हात लावू नका.
भागीबाई येतेय. तिला वाटतं मला चक्कर आली. तिच्या हाताला विळ्यानं कापलंय, चिंधी बांधलीय — तिला सांगायला हवं. मागं हो, बाई. तोंड उघडतोय, शब्दच —
ती खाली बसली. पदराचं टोक हातात घेऊन माझं तोंड पुसायला —