योगीराजची सकाळची पुडी

बोरी, सोमवार

प्रिय विहीणबाई माधवीताई,

प्रिय लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, नाहीतर आपल्या दोघींत तो शब्द कधी आलेला नाही. मी चौथी पास. तुमी पस्तीस वर्षं परभणीत फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या. चुका दिसतील, लाल पेन उचलू नका. फोनच केला असता, पण तुमच्या घरी फोन कायम मोठ्या आवाजावर असतो आणि शेजारी निकिता बसलेली असते. गुरुवारी तुमी योगीराजला घेऊन डॉक्टरकडं जाणार. एवढ्याशा नातवाच्या घशातून नळी घालून पोट बघायचं का, ते तवा ठरणार. त्याच्या आत हे पत्र तुमाला मिळावं म्हणून बुधवारच्या पहिल्या एसटीनं आमच्या ह्यांना पाठवायलेय. आत काय लिहिलंय ते त्यांना माहीत नाही. विचारलं त्यांनी. लोणच्याची रीत आहे म्हणून सांगितलं.

खरं सांगते, तुमचा मला पहिल्यापासून राग. सून म्हणून निकिता गुणाची आहे, तिच्याबद्दल एक शब्द नाही. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीतच आहे, तीबी कबूल. पण नातू बघायला मी बोरीहून आले तर तुमी दारातच म्हणाल्या, आधी साबणानं हात धुवा. ह्या हातांनी मी गावातली कितीतरी लेकरं न्हाऊ घातली. तरी धुतले. मग पिशवीतून सहाण काढली, हिरडा, मुरडशेंग, वेखंड काढलं, म्हणलं लेकराला गुटी उगाळावी. तुमी ते सगळं गोळा करून परत पिशवीत ठेवलं, हसत हसत. रागानं ठेवलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

लेकरू आजारी होतं, ते मी डोळ्यांनी बघितलं. दूध पोटात गेलं की आंबट ओकायचं, धनुष्यासारखं वाकायचं, रडून निळं पडायचं. डॉक्टरांनी अॅसिडिटीचं औषध दिलं, पुडी पाण्यात विरघळवून बिनसुईच्या सिरिंजनं गालात सोडायची. चार महिने तुमी ते एकही दिवस चुकवलं नाही. दूध पाजलं की अर्धा तास त्याला खांद्यावर उभं धरून गच्चीवर फेऱ्या घालायच्या, तुमचे गुडघे दुखायचे तरी. हे मला श्रीराम येऊन सांगायचा. माझा लेक, माझ्या चुलीपुढं बसून, माझ्या हातची भाकर खात, सासूचं कौतुक करायचा. त्या दिवशी भाकरीवर माझा हात जरा जोरातच पडायचा.

सहावा महिना सरला, लेकरू बसायला लागलं, वरणाचं पाणी नि मऊ भात खायला लागलं, तवा डॉक्टर म्हणाले आता औषध सोडवू, पण हळूहळू. आठवड्याला एक मिली कमी. तुमी वहीत लिहीत गेल्या. पाच, चार, तीन. दर टप्प्याला दोन दिवस किरकिर, तिसऱ्या दिवशी शांत. तीनवर आल्यावर पोरगं खिदळायला लागलं आणि तुमी फोन करून ते हसणं मला ऐकवलं. आता कळतं की आजीला आनंद व्हावा म्हणून ऐकवलं असेल. तवा मला वाटलं, मिरवायलीत.

जावळ बोरीला करायचं म्हणून मी हट्ट धरला. एवढं तरी आमच्या दारात व्हावं. पण तिथंबी लेकरू मामाच्या मांडीवर बसवून केस उतरवायची रीत. म्हणजे गाव आमचं, मांडव आमचा, जेवणं आमची, आणि मांडी तुमच्याकडची. निकिता दहा दिवसांसाठी आली ती पुड्या, सिरिंज आणि तुमच्या अक्षरातला एक कागद घेऊन. सकाळी किती द्यायचं, पाजल्यावर किती वेळ उभं धरायचं, आणि शेवटी खाली रेघ मारून लिहिलेलं, औषध एकदम बंद करू नये, आम्ल उसळून पहिल्यापेक्षा जास्त त्रास होतो. श्रीरामनं तो कागद माझ्या स्वैपाकघरात चिकटवला. सकाळी उठावं, चूल पेटवावी, तर समोर भिंतीवर तुमी.

जावळाच्या दिवशी डोकं तुळतुळीत झालं आणि लेकरू रडायला लागलं. मी घेतलं, जास्तच रडलं. पाळण्यात घातलं, ओवी म्हणली, अंगणात फिरवलं. पन्नास बाया बघत होत्या. शेवटी निकितानं तुमाला फोन लावला. तुमचं तोंड दिसलं आणि पोरगं गप. डोळ्यांत पाणी तसंच, आणि फोनच्या काचेवर हात आपटून हसायला लागलं. शेजारची हेमा म्हणाली, "नर्मदाबाई, तुमच्यापेक्षा फोन बरा." सगळ्या हसल्या. मीबी हसले. ताटं मोजायच्या निमित्तानं आत गेले ती लय वेळ बाहेर आले नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचं औषध मी माझ्याकडं घेतलं. निकिताला म्हणलं, तू न्हाऊन घे, पुडी मी बघते. ती एवढी खूश झाली की मला मिठी मारायला निघाली. पहिले दोन दिवस लेकरू बरं होतं. तिसऱ्या दिवशी आंबट वास आला. चौथ्या दिवशी परत ते धनुष्यासारखं वाकणं, छाती तोंडात घेऊन सोडून देणं, रडणं. निकितानं तुमाला विचारलं, तुमी म्हणाल्या दोन दिवस थांबा, निवेल. निवलं नाही. बोरीला आल्याच्या दहाव्या दिवशी ती लेकराला घेऊन परभणीला पळाली. डॉक्टर म्हणाले औषध कमी केलेलं मानवलं नाही, परत पाच मिली करा, आठवड्यानं दाखवा, फरक नाही पडला तर मोठ्या दवाखान्यात नळीची तपासणी.

काल तुमी फोन केला. तुमचा आवाज नेहमीचा नव्हता. तुमी म्हणाल्या, "माझंच चुकलं, विहीणबाई. मी घाई केली." आणि मी काय म्हणाले आठवतं ना? "होतं कधी कधी असं." एवढं बोलून मी फोन ठेवला आणि मला बरं वाटलं, ताई. खोटं नाही लिहीत. चहा होईपर्यंत बरं वाटलं. मग कप तसाच ठेवला नि लिहायला कागद शोधला.

तुमी घाई केली नाही. बोरीत आठ दिवस योगीराजच्या पोटात औषधाचा एक थेंब गेला नाही. पुडी मी मोरीत ओतत होते आणि सिरिंजमधून नुसतं पाणी देत होते, वर चार वळसे उगाळलेली गुटी. माझ्या घरात, माझ्या गुटीनं औषध सुटलं, असं गावाला नि श्रीरामला सांगायचं होतं. भिंतीवरचा कागद मला वाचता येत होता. लेकरू वाकायला लागलं तवाच कळलं होतं काय झालंय ते, पण कबूल केलं तर तुमचा कागद खरा ठरला असता, म्हणून वळसे वाढवले. आता हे डॉक्टरला सांगा. कमी केल्यानं बिघडलं का एकदम तोडल्यानं, ते त्यांना ठरवू द्या, पण खरं काय झालं ते समजल्याशिवाय लेकराच्या घशात नळी जाऊ देऊ नका. आणि हे पत्र निकिताला दाखवा. ती योगीराजला पुन्हा माझ्याजवळ एकटं ठेवणार नाही, आणि तिनं ठेवूबी नये. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. तुमी पत्र घडी घालून ठेवाल, मला सांभाळून घ्याल, डॉक्टरलाबी माझं नाव सांगणार नाही. तसं करू नका. नातू तुमाला बघून हसतो ते मी सोसते, पण हा मोठेपणाबी तुमालाच मिळाला तर मला सोसणार नाही.

तुमचीच, तुमाला आवडो न आवडो,
नर्मदा