अक्काचं श्राद्ध

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचं नाव निघालं की लोक अजून हात जोडतात आणि मला हसू येतं. मैलापूरच्या शाळेतले करारी मास्तर, जन्मात खोटं न बोललेले!

मी नऊ वर्षांची असताना अक्का तंजावरला आत्याकडे गेली आणि टायफॉइडनं वारली, असं तुम्ही सांगितलंत. पुढच्या वर्षी देवळाच्या तळ्यापाशी ती मला दिसली. गर्दीत उभी राहून मोगरा घेत होती. मी हाक मारली, ती वळलीच नाही. धावत घरी येऊन सांगितलं, तर तुम्ही पट्टी काढलीत. "मेलेली माणसं फुलं विकत घेतात होय गं?" हातावर पाच, आणि वर पाटीवर शंभर वेळा 'मी खोटं बोलणार नाही'. अम्मा चुलीपुढे पाठमोरी बसली आहे, सांबार ढवळते आहे, नुसती ढवळतेच आहे. कित्येक वर्षं मी स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला नाही. आणि तुम्ही दर वर्षी तिच्या तिथीला सोवळं नेसून पिंड ठेवत होतात. कावळाही लगेच शिवायचा. त्यालाही फसवलंत.

तुम्ही गेल्याची तार आली तेव्हा मी लग्न होऊन नागपुरात होते. मद्रासला आले. तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर अम्मा हातात पिशवी घेऊन पुढे आली.

"चल, रॉयापुरमला जायचंय."

"तिथं कोण आहे?"

"तुझी अक्का."

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. बसमध्ये तिनं खिडकीबाहेर बघत सगळं सांगितलं. अक्कानं छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, जातीबाहेरच्या माणसाशी लग्न केलं. तुम्ही घागर फोडून तिला मेलेली ठरवलंत आणि अम्माला गप्प राहायची शपथ घातलीत.

"आणि तू श्राद्धाचा स्वयंपाक करत राहिलीस?"

"राहिले. पायसम तिच्या आवडीचं करायची."

अक्कानं दार उघडलं. अंगानं भरलेली, चष्मा लावलेली. मला जवळ घेऊन म्हणाली, "तळ्यापाशी तुझी हाक ऐकली होती गं. अप्पांनी बजावलं होतं, घरच्या कुणाशी बोललीस तर धाकटीची शाळा बंद."

म्हणजे पट्टी उगारताना तुम्हाला ठाऊक होतं, मी खरं बोलते आहे. एवढासा माणूस होतात तुम्ही, अप्पा. चार नातेवाईक काय म्हणतील या भीतीपोटी पोटची पोर मारलीत, आणि त्यालाच बाणा म्हणवून घेतलंत. त्या दिवशी मी तुम्हाला तोंडाला येईल ते बोलले. अक्का ताट वाढत फक्त म्हणाली, "गार होतंय, जेव."

हे पत्र मी कुणाला, नवऱ्यालाही, दाखवणार नाही. लग्न ठरवताना 'थोरली वारली' असं तुम्ही माझ्या सासरी सांगून ठेवलं होतंत. मी नागपूरला परतले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "आता माहेरी कोण गं तुझं?"

मी म्हटलं, "अम्मा. एकटीच."