राणावडलीचा गॅस

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा पंचायत.

विषय : राणावडलीतील हृदयरोगाचे घटलेले प्रमाण रद्द करून मंगळवारचे हृदय तपासणी केंद्र गावातच ठेवण्याबाबत.
संदर्भ : आपले दिवाळीपूर्वीचे पत्र, ज्यास मी उत्तर दिले नाही.

महोदय,

१. सदर पत्रात आपण विचारले होते की, आसपासच्या गावांत प्रौढांमधील हृदयरोग दर पाहणीत वाढत असता राणावडलीतच तो निम्म्यावर कसा आला. पाहणी मी केली असल्याने मीच खात्री करून कळवावे. मी निवृत्त ग्रंथपाल; पाहणीचे काम मानधनावर घेतलेले. उत्तर लिहायला बसे, शब्द पटत नसे, कागद फाडी. माझे मौन हाच होकार धरून आपण केंद्र हलविण्याचा आदेश काढला. त्यात आपली चूक नाही.

२. पूर्वी पाहणीत नर्सबेन छातीचा आलेख काढीत. या वेळी फक्त 'हृदयरोग आहे का?' एवढे विचारायचे होते. आमच्याकडे छातीत कळ आली की तिला गॅस म्हणतात. जिन्यावर दम लागला, गॅस. डावा हात भरून आला, गॅस हातात उतरला. शेजारचे फरसाणवाले रतिभाई सोनेजी म्हणाले, "पंचोलीकाका, हार्टबार्ट सुरतच्या शेठलोकांना! आपण गाठिया खाणारे, आपल्याला गॅसच होणार." मी हसलो आणि 'नाही'वर खूण केली. घरोघर तेच केले.

३. आपले पत्र माझ्या टेबलावर पडून असतानाच रतिभाई दुकानात कोसळले. हातात जिरा-सोड्याची बाटली होती. बेसण्याला, म्हणजे शोकसभेला, जमलेली मंडळी म्हणत होती, "गॅस डोक्यात चढला, बिचाऱ्याच्या." तेव्हाही मी मान खाली घालून बसलो. मेलेला माणूस पाहणीत रोगी धरला जात नाही, सबब पुढील आकडा आणखी खाली येईल. या गतीने गाव लवकरच संपूर्ण निरोगी होईल.

४. आता दुकान त्यांच्या पत्नी जशुबेन चालवतात. डबा उचलताना त्या छातीवर हात दाबतात. मी कसेबसे म्हणालो, "बेन, हे हृदयाचं असू शकतं." त्या उखडल्या, "असं अशुभ बोलू नका, काका! रोग असता तर सरकारने केंद्र हलवायचं ठरवलं असतं का?" तो आदेश माझ्याच खुणांवर निघाला आहे.

सबब विनंती की, माझी पाहणी रद्द करावी, नव्या पाहणीत "गॅस होतो का?" हे आधी विचारावे, आणि तोवर केंद्र हलवू नये. दोष माझा आहे. त्याची शिक्षा गावाला होऊ नये.

आपला अपराधी व नम्र,
दलसुखराय मो. पंचोली
राणावडली, दि. ११ मार्च

ता. क. टपाल कचेरीतून लिहीत आहे. येताना दुकानात सर्व मजकूर जशुबेनना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हणजे यांना गॅस नव्हता?" मी म्हणालो, "नाही." त्यांनी पदराने डोळे पुसले. "टाका पेटीत, काका. आणि मंगळवारी मला घेऊन चला." टाकत आहे.