निघाले, पोचतेच

टोरांटो,
१८ मे

प्रिय गजेंद्र,

'प्रिय' लिहिताना पेन अडलं होतं. पण बारावीत वहीच्या मागच्या पानावर तुला असंच लिहायचे, हाताला वळण तेच राहिलंय. लेकीकडे सुखरूप पोचले. आल्यापासून फोनवर तुझे चौदा मेसेज येऊन पडलेत. का नाही आलीस, काय झालं, माझं काही चुकलं का? उत्तर फोनवर देता आलं असतं, पण मला ते कागदावरच द्यायचं होतं. एका बैठकीत वाचून काढ.

दोहाला सकाळी सहाला उतरले, पुढचं विमान रात्री आठला. चौदा तास खुर्चीत बसून कंबर मोडेल म्हणून प्रेरणानं, माझ्या लेकीनं, शहर बघायची परवानगी आधीच काढून ठेवली होती. तू त्याच शहरात वीस वर्षं आहेस हे आपल्या बारावीच्या ग्रुपवर कळलं. तूच म्हणालास, मी फिरवतो तुला, बायको-पोरं पुण्याला आहेत, एकटाच आहे. दहा वाजता समुद्रकाठच्या मोठ्या शिंपल्याच्या कारंज्यापाशी भेटायचं ठरलं. मी बजावलं होतं, माझा फोन फक्त वायफायवर चालतो, तिथून हलू नकोस, नाहीतर चुकामूक होईल. तू हलला नाहीस. या वयात बराच आज्ञाधारक झालास!

दहाला मी जुन्या बाजारात होते. तिथं ससाण्यांचं दुकान आहे. डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या चढवलेले ससाणे ओळीनं बसलेले, मामांनी बसवलेल्या नवरदेवासारखे मुकाट. मला हसू आवरेना. तिथूनच तुला मेसेज टाकला, 'निघाले, पोचतेच.' मग करक म्हणतात तसला कडक चहा प्यायले, दोनदा. बाराला संग्रहालयात गेले. बाहेर भट्टी पेटलेली आणि आत पाणपोईसारखा गारवा. सोनेरी अक्षरांची जुनी पुस्तकं निवांत बघितली आणि दुसरा मेसेज टाकला, 'निघाले, पोचतेच.' तीनला लाकडी नावेतून समुद्रात चक्कर मारायची होती. तिकीट काढता काढता तिसरा टाकला. शब्द तेच.

शब्द ओळखीचे वाटले नाहीत? तुझ्या मामांचेच आहेत.

आपल्या साक्षगंधाचा दिवस आठव. तुझा-माझा जीव जडलेला, दोन्ही घरांचा होकार, दुसरबीडला आमच्या दारात मांडव, दोनशे माणसांची वांग्याची भाजी आणि बुंदी तयार. पाहुण्यांना घर सापडावं म्हणून बाबा दहा वाजताच फाट्यावर जाऊन उभे राहिले, हातात तुझ्यासाठी गुलाबाचा हार. चहाच्या टपरीवरच्या फोनवर तुझ्या मामांचा निरोप आला, निघालो, पोचतोच. बाराला पुन्हा तोच, तीनला पुन्हा तोच. वैशाखाचं ऊन. लोक म्हणाले, शालिग्रामभाऊ, घरी सावलीत बसा. बाबा म्हणाले, "पाहुणे येऊन राह्यले ना बाप्पा, फाट्यावर कोनी दिसलं नाही तं काय म्हनतीन?" दर अर्ध्या तासानं टपरीवरून पेलाभर पाणी घेऊन ते हारावर शिंपडायचे. पाच वाजता लोक उठून गेले. आई बुंदीच्या टोपल्यापाशी बसून होती.

त्याच दिवशी तुझं साक्षगंध हिवरा आश्रमला दुसऱ्या मुलीशी झालं, हे आम्हाला आठवड्यानं कळलं. सासरा परदेशी नोकरी लावून देणार होता म्हणे. ते पक्कं होईपर्यंत आम्हाला हातचं म्हणून धरून ठेवलं आणि मग तोंडाला पानं पुसली. निरोप द्यायच्या वेळी मी मामांच्या शेजारीच बसलो होतो, हे तूच गेल्या महिन्यात कबूल केलंस. पुढं लिहिलंस, जुनी गोष्ट झाली, आता हसू येतं. खाली एक हसरा चेहराही पाठवलास. तो बघितला आणि माझं ठरलं.

पाचला विमानतळाकडे परतताना टॅक्सी मुद्दाम कारंज्यावरून घ्यायला लावली. तुला उभं असलेलं बघायचंच होतं मला. उभा होतास. केस गेलेत, पोट सुटलंय, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. हातात ओल्या रुमालात मोगऱ्याचा गजरा, आणि बाटलीतलं पाणी तू त्याच्यावर शिंपडत होतास. खोटं कशाला बोलू, त्या पाण्यानं माझा घात केला असता. हात काच खाली करायच्या बटणावर गेला होता, 'गजू' ओठांवर आलं होतं. पण डोळ्यांसमोर बाबांचा हार आला. टॅक्सीवाल्याला म्हटलं, चलो भैया. विमानात पोटभर जेवले आणि गाढ झोपले. इथं आल्यावर आमच्या ह्यांना, हिंमतरावांना, फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बेस केलं."

बाबा गेल्या कार्तिकात गेले. त्या दिवसानंतर ते फाट्यावर कधी उभे राहिले नाहीत. एसटी धरायला पुढच्या थांब्यापर्यंत चालत जायचे, गुडघे गेले तरी. माझं लग्न झालं, देऊळघाटला आमचा भाजीचा मळा उभा राहिला, नात परदेशी शिकायला गेली, सगळं त्यांनी डोळ्यांनी बघितलं. तरी शेवटच्या आजारात माझा हात धरून विचारायचे, "काऊन नाही आले असतीन बाई ते? मामाले मानाची टोपी द्याची राहिली म्हनून तं नाही?" चोवीस वर्षं तो माणूस स्वतःची चूक शोधत राहिला. तुमचं काहीही चुकलं नाही, एवढं एक वाक्य त्यांना पोस्टकार्डावर लिहिणं तुला जमलं नाही. आता तू विचारतोस, माझं काही चुकलं का? म्हणून हे पत्र. हो गजेंद्र, तुझंच चुकलं. सात तास उभा राहिलास, पण का उभा राहिलास ते तुला निदान कळलं. माझ्या बाबांना ते कधीच कळलं नाही.

शालिग्रामभाऊंची लेक,
छाया