दाबून घेतलेला आकडा

पप्पा, रविवारी चर्चमध्ये मला तुमच्याबद्दल बोलायचं आहे आणि तीन दिवस झाले, काय बोलायचं ते ठरत नाही. तरुण संघाची सभा आहे, विषय 'विज्ञान आणि विश्वास'. पाळकसाहेब आकुर्डीच्या घरी येऊन म्हणाले, "पप्पांची ती साक्ष सांग. मंडळीच्या प्रार्थनेनं किडनीचं क्रिएटिनिन कसं उतरलं ते. तू कंपनीत क्वालिटी खात्यातला माणूस, तुझ्या तोंडून पोरांना पटेल." मी हो म्हणालो. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

चाकणच्या कंपनीतली तुमची मोजमापाची खोली आठवते. बूट बाहेर काढून आत जायचं. मायक्रोमीटर उचलण्याआधी तुम्ही डोळे मिटून क्षणभर उभे राहायचा. सोबतचे चिडवायचे, "काय राव, देवाला विचारून रीडिंग घेता काय?" तुम्ही हसायचा, "विचारत नाय. त्यानं केलंय ते नीट दिसू दे, एवढंच म्हणतो." डिप्लोमा करून मीही तिथेच लागलो. एकदा गेटवर ट्रक उभा, सुपरवायझर डोक्यावर बसलेला आणि शाफ्ट जरासा जाड भरत होता. मी मायक्रोमीटर आवळून घेतला आणि आकडा मर्यादेत बसवला. तुम्ही पाहिलंत. सगळ्यांसमोर माझ्या हातातून तो काढून घेतलात. "आकडा दाबायचा नाय. मोजायच्या आधी हवी तेवढी प्रार्थना कर. मोजल्यावर जो येईल तो मुकाट्यानं लिही." ट्रक रिकामा परत गेला. महिनाभर मी तुमच्याशी धड बोललो नाही.

पुढे माझी श्रद्धा आटली आणि जेवताना मी तुम्हाला डिवचायला लागलो. पृथ्वी सहा दिवसांत झाली की कोट्यवधी वर्षांत, एकदाचं ठरवा म्हणायचो. मम्मी तव्यावरून डोळे वटारायची. तुम्ही भाकरी मोडत म्हणायचा, "वर्षं तू मोज, आभार मी मानतो. भांडण कुठंय?" मला राग यायचा, कारण भांडण मला हवं होतं.

मग तुमच्या किडन्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, पुढच्या तपासणीत क्रिएटिनिनचा आकडा पाचाच्या वर चढला तर लगेच डायलिसिस. मंडळीनं तीन दिवस उपास-प्रार्थना केली. रिपोर्ट मी आणला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे तुमच्या डोळ्याला पट्टी होती, वाचता येत नव्हतं. मी दारातच उभा आहे आणि तुम्ही विचारताय, "किती आला रे?" प्रार्थनेला जमलेली बारा माणसं माझ्याकडे बघतायत. मी म्हणालो, "साडेतीन. उतरलाय." एवढ्या लोकांसमोर तुमचा देव हरायला नको, असं मला वाटलं. ज्याला मी मानत नव्हतो, त्याची लाज राखायला निघालो होतो! सोमवारी खरं सांगू, असं ठरवलं. पण रविवारी तुम्ही वेदीजवळ उभे राहून साक्ष दिलीत, रडलात. सोमवारी तुम्ही म्हणालात, "आता दवाखाना कशाला?" आणि मी रिपोर्ट घडी करून खिशात घातला. नवव्या दिवशी तुम्हाला धाप लागली. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर तुम्ही माझा हात घट्ट धरला होता; आत नेईपर्यंत तो सुटला, आणि सगळे हार्ट अटॅक समजले.

तुमच्या श्रद्धेला खरा आकडा पेलणार नाही, हे मी कशावरून ठरवलं? जन्मभर खरा आकडा लिहिणारा माणूस तुम्ही. रिपोर्ट ऐकून तुम्ही डोळे मिटले असते, क्षणभर थांबला असता आणि म्हणाला असता, चल, रिक्षा बोलव. मला हे तेव्हाही माहीत होतं, पप्पा. तेच सहन होत नाही.

तो रिपोर्ट अजून माझ्याजवळ आहे. काल मम्मीला दाखवायला काढला आणि परत ठेवला. रविवारी सभेत वाचीन म्हणतो, पण माझ्या म्हणण्यावर माझाच भरवसा नाही. म्हणून आज कंपनीत मायक्रोमीटर उचलण्याआधी मी डोळे मिटले, कितीतरी वर्षांनी. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, तेव्हा निदान इथे तरी दाबत नाही. तुम्ही विचारलं होतं, किती आला.

आठ पॉइंट चार.