आपण कोणत्या हाताने लिहिता?

टांटा, गुरुवार

प्रिय शहीरा,

हे पत्र तुला वेडंवाकडं दिसेल. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडली असतील, ओळ डावीकडे जाता जाता खाली घसरली असेल. मुलींच्या शाळेत तीस वर्षं सुलेखन शिकवलेल्या माणसाचं हे हस्ताक्षर आहे, हे कृपा करून कोणाला सांगू नकोस. सोमवारी फोनवर तू आईकडून मला एक प्रश्न विचारलास. माझ्या नातीची, तालियाची शाळा शनिवारी सुरू होते, त्याआधी त्याचं उत्तर तुझ्या हातात पडायला हवं. फोनवर माझी जीभ अजून लोळते, चारातले दोन शब्द गिळले जातात आणि तू न कळताच 'हो बाबा, हो बाबा' म्हणून मोकळी होतेस. आईजवळ निरोप दिला तर ती त्यात साखर घालणार. म्हणून सकाळपासून स्वतःच लिहायला बसलोय. एका पानाला तास लागतोय, पण मला आता दुसरं काम तरी काय आहे?

तू पाठवलेला टॅब्लेट दोन महिने कपाटात, आईच्या ठेवणीतल्या पेल्यांशेजारी पडून होता, हे तुला तिने सांगितलं नसेल. मी तुझ्यावर रागावलो होतो. अर्धांगाचा झटका आल्यापासून माझा उजवा हात मांडीवर पडून असतो, कोणीतरी विसरून गेलेल्या सामानासारखा. आणि माझी मुलगी मला काचेची पाटी आणि लेखणी पाठवते! मला ती थट्टा वाटली. आई म्हणाली, "पोरीने एवढ्या प्रेमाने पाठवलंय, निदान धूळ तरी पुसा." मी म्हटलं, तूच पूस. "तुमचं तोंड मी पुसते, हात मी पुसते, आता काचही मीच पुसू का, उस्ताद?" म्हणत तिने पाटी माझ्या पुढ्यात आदळली. तुझ्या आईची चाळीस वर्षांची भडास या आजारपणात बाहेर पडते आहे, आणि मला उलट बोलायला जीभ वळत नाही.

डॉक्टर मरीना आठवड्यातून तीनदा व्यायाम करून घ्यायला येते. डाव्या हाताला काम द्या म्हणून ती हटूनच बसली, तेव्हा कुठे मी पाटी चालू केली. सुरुवातीला पाटीनेच दोनतीन प्रश्न विचारले. भाषा कोणती, नाव काय. मग विचारलं, आपण कोणत्या हाताने लिहिता? खाली दोन गोल. मी डाव्या हाताच्या बोटाने 'उजव्या'वर टिचकी मारली. शहीरा, तुला शपथेवर सांगतो, मी क्षणभरही विचार केला नाही. सलाम, घास, लेखणी, सगळं उजव्या हाताने. दुसरं काही असू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मग बारा दिवस नुसता छळ. तळवा टेकला की पान सरकायचं, न लिहिलेल्या जागी रेघा उमटायच्या, शब्दाच्या मध्येच कागद मोठा व्हायचा. दोनदा लेखणी फेकून दिली. आपली अरबी लिपी कळत नाही या यंत्राला, असं मी ज्याला त्याला सांगत सुटलो. शेवटी मरीनाने पाटी हातात घेतली, इकडेतिकडे बघितलं आणि पोट धरून हसत खुर्चीवर बसली. "उस्ताद, यंत्राशी खोटं बोललात? ते बिचारं बारा दिवस तुमचा उजवा हात शोधतंय!" मला हसू आलं नाही. डावा हात मी कुठेही नोंदवणार नाही, असं मी तिला कसंबसं सांगितलं. "मग शोधू दे त्याला," म्हणाली आणि माझा कोपर वाकवायला लागली. ती गेल्यावर मी तो दुसरा गोल दाबला. एवढंसं काम, पण मला अर्धा तास लागला.

त्यानंतर पाटी शहाण्यासारखी वागायला लागली, मूर्ख तेवढा मीच उरलो. ती हाताने लिहिलेल्याचं छापील करून देते. आई स्वयंपाकघरातून आली तेव्हा तिला वाचायला दिला एक शब्द, शाई. मनात म्हटलं, घरात जुनी दौत असली तर आणून देईल, वास तरी घेतो. पण तुला माहीतच आहे, आपल्याकडे शाई, बातमी आणि रोटी, तिन्हींचा सांगाडा एक, फरक काय तो टिंबांचा. माझा डावा हात थरथरला, दोन टिंबं जास्तीची पडली, पाटीने छापलं 'रोटी'. आईने गॅलरीतून खाली रोटीवाल्याकडे टोपली सोडली आणि वीस रोट्या वर ओढल्या. "भूक लागली होती तर तोंडाने सांगायचं, त्यासाठी सुलेखन कशाला?" तीन दिवस आम्ही शिळ्या रोट्या वालाच्या उसळीबरोबर खात होतो.

आता जे लिहितोय ते मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. चौथ्या का पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की माझा तळवा लिहिलेल्या ओळीवर येतच नाहीये. आपण उजवीकडून डावीकडे लिहितो. उजवा हात ओल्या शाईवरून घासत जातो, डावा मात्र कोऱ्या कागदावरून पुढे चालतो. तीस वर्षं मी पोरींच्या तळव्याखाली कागदाचे कपटे ठेवले, शाई फासली म्हणून कान पिळले. आणि माझ्या वर्गात एका मुलीचं पान पहिले तीन दिवस आरशासारखं स्वच्छ होतं. तू पहिलीत होतीस. मी ते पान पाहिलं आणि त्यावर एकही डाग नाही हे मला दिसलंच नाही. मला दिसला तो डावा हात. सुलेखनाच्या मास्तरचीच मुलगी डावरी, ही गोष्ट मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चघळली जाणार, एवढंच मला दिसलं. चौथ्या दिवशी मी तुझ्या वेणीची पांढरी रिबीन सोडली आणि सगळ्या वर्गासमोर तुझा डावा हात बाकाला बांधला. वर्षभर रोज बांधला.

परवा मी 'ऐन' अक्षर गिरवत होतो. तोंड उघडं, पोट गोल, मापाला टिंबं मोजलेली. मी ते झोपेतही काढलं असतं. डाव्या हाताने एकाहत्तर वेळा काढलं, पाटीवर आकडा दिसतो. मेंदूला माहीत आहे, डोळ्याला माहीत आहे, हात ऐकत नाही. घाम फुटला, दात आवळले गेले आणि मी रडलो, अडुसष्ट वर्षांचा माणूस, एका अक्षरावरून. मला कोणी बांधलं नव्हतं. वर्ग हसत नव्हता. खोडायला एक बटण होतं, आई चहा घेऊन दारात उभी होती. तुझ्याकडे यातलं काही नव्हतं आणि तू सहा वर्षांची होतीस.

तू पुढे सुरेख लिहायला लागलीस. बापाचा हात आलाय, असं लोक म्हणायचे आणि मी मिशीत हसायचो. आधी तू दिवसभर बोटी काढायचीस, मांजरं काढायचीस, भिंतीसुद्धा सोडायची नाहीस; त्या वर्षानंतर एकही चित्र काढलं नाहीस. आम्ही म्हटलं, पोर मोठी झाली. रात्री तू डावा हात मांडीखाली दाबून झोपायचीस. मी दिवा घेऊन यायचो, आईला दाखवायचो आणि म्हणायचो, बघ, झोपेतही शिस्त. तू कधी तक्रार केली नाहीस. शहीरा, मला त्याचीच जास्त भीती वाटते.

कारण सोमवारी तू हसत हसत आईला म्हणालीस की तालिया पेन्सिल डाव्या हाताने धरते, पण काळजी नको, बाबांनी मला वळण लावलं तसं मी तिला लावीन. आणि म्हणालीस, बाबांना विचार, हात नेमका कसा बांधायचे, मनगटाच्या वर की खाली. तुला म्हणे आता आठवत नाही, आणि पोरीच्या हातावर वळ उठायला नकोत. आईने या निरोपात मात्र साखर घातली नाही. मुली, मला सगळं आठवतं. मनगटाच्या वर बांधायचो, आणि वळ उठायचे. तू लांब बाह्या घालायचीस म्हणून ते कोणाला दिसले नाहीत. हे पान मी छापील न करता पाटीवरून जसंच्या तसं पाठवतोय, म्हणजे हे लिहिणारा हात कोणता ते तुला कळेल. मला माफ कर असं म्हणायचा मला हक्क आहे की नाही, ते तू ठरव, त्याला शनिवारची घाई नाही. पण तिला बांधू नकोस. शाळेतल्या बाईंनी बांधायचं म्हटलं तर त्यांना माझं नाव सांग, सांग की उस्ताद रिफअतने तीस वर्षं चुकीचं शिकवलं. आणि ज्या हाताने तिने पेन्सिल उचलली, त्याच हातात ती राहू दे.

चुकलेला, पण तुझाच,
बाबा